परातीतली भट्टी

मुलींनी कॅमेरा धरायचा नाही, असं आमच्या शाळेत कुठंही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर बरं झालं असतं, निदान तो कागद फाडता तरी आला असता. न लिहिलेल्या नियमाशी भांडायचं म्हणजे धुराशी झटापट, आणि धूर आमच्या भिलाईत तेव्हा काही कमी नव्हता. तीन भट्ट्या पेटल्या होत्या, चौथीचं काम चाललं होतं. मायनं अंगणात वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी घडी घालताना तांबूस झालेलं असायचं.

आम्ही भंडाऱ्याकडचे. बाबा पोलादाच्या प्लांटचा पाया खोदला जात होता तेव्हा आले आणि पुढं भट्टीवर लागले. त्याच सुमारास आम्ही बौद्ध झालो होतो आणि बाबांनी घरात एकच गोष्ट ठासून सांगितली होती, की यापुढं कोणासमोर मान खाली घालून उभं राहायचं नाही. बाबांना वाटलं असेल, हे त्यांनी भावाला सांगितलं. माझा भाऊ गरीब स्वभावाचा. ते वाक्य उचललं मी.

मी अकरावीत होते तेव्हा एक रशियन इंजिनियर मायदेशी परत जाताना शाळेला एक छोटा सिनेमाचा कॅमेरा, प्रकाश मोजायचं मीटर, प्रोजेक्टर आणि डबाभर कोरी रिळं देऊन गेला. कॅमेरा किल्लीचा होता. एकदा किल्ली दिली की अर्धं मिनिट चालायचा. रीळ मोठं मजेशीर. एका बाजूनं दोन मिनिटं चित्रण करायचं, मग सावलीत कॅमेरा उघडून रीळ उलटं घालायचं आणि दुसऱ्या बाजूनं आणखी दोन मिनिटं. मुंबईहून धुवून येईपर्यंत आपण काय केलंय ते देवालाही ठाऊक नसायचं, आणि देव तर आम्ही सोडले होते.

फिजिक्सच्या सरांनी चित्रपट मंडळ काढलं. सर पुण्याकडचे. माणूस हुशार आणि कष्टाळू, हे मी आजही म्हणेन. अपर्चर म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक. ते लहान केलं की काय होतं, मोठं केलं की काय होतं, हे त्यांनी फळ्यावर असं शिकवलं की पन्नास वर्षांनीही मी झोपेतून उठून सांगेन. मंडळात नऊ मुलगे आणि दोन मुली. दुसरी मुलगी माझी मैत्रीण, तेलुगू घरची. तिची-माझी भाषा हिंदी. सरांनी पहिल्याच दिवशी कामं वाटली. मुलगे आळीपाळीनं कॅमेरा चालवणार, माझी मैत्रीण कपडेपट बघणार आणि मी चादर धरणार.

चादर म्हणजे खरीच चादर. उन्हात तोंडावर काळ्या सावल्या पडतात, डोळ्यांच्या जागी खोबणी दिसतात. म्हणून पांढरी चादर ताणून धरायची आणि तिच्यावरचं ऊन माणसाच्या तोंडावर परतवायचं. खांदे दुखून यायचे. हात जरा खाली आला की कॅमेऱ्यामागून एखादा ओरडायचा, "ए चादर, ऊपर कर!" मंडळात माझं नावच ते पडलं होतं.

पण चादरीमागं उभी राहून मी जे शिकले ते कॅमेऱ्यामागच्या नऊ जणांपैकी एकालाही आलं नाही. ते एका डोळ्यानं कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघत. मी दोन्ही डोळ्यांनी तोंडाकडे बघत होते. चादर एक पाऊल पुढं आली की गाल कसा उठतो, तिरपी धरली की नाक कसं लांबतं, पत्रा धरला तर माणूस डोळे मिचकावतो पण धोतर धरलं तर मिचकावत नाही, हे मला हळूहळू पाठ झालं. जमिनीलगत धरली तर रोजचा ओळखीचा माणूसही परका दिसतो. हे सगळं माझ्या हातांना कळत होतं आणि कॅमेरा मात्र त्यांच्या हातात होता. रागानं माझा जीव जायचा.

मग सरांनी मुलांसाठी पास काढून त्यांना एकदा प्लांटच्या आत नेलं. आम्हां दोघींना गेटवर उभं केलं. म्हणाले, "मुलींची जबाबदारी कोण घेणार?" आम्ही दोघी दीड तास शेंगदाणे खात उभ्या होतो. बाबा आत, भट्टीवर. मी बाहेर, चादर काखेत घेऊन.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेले आणि सरळ म्हटलं, "सर, मले एक रील द्या."

सर हसले. माझ्या 'मले'ला ते नेहमीच हसायचे. त्यांच्याशी बोलताना मला पुस्तकी मराठी येत होती, पण ते हसतात म्हणून मी मुद्दाम घरचंच बोलायची.

"तुला कशाला? तुझं काम चांगलं चाललंय की."

"चादर धरून धरून समजलं मले सगळं. आता फिल्म काढाची हाये."

"आणि बिघडली तर?"

"पोरायची नाई बिघडत?"

सरांनी कपाटातून रिळांचा डबा काढला. मग म्हणाले, "ठीक आहे. एक रीळ देतो. पण बिघडलं तर आपल्या मंडळात मुली आणि कॅमेरा हा विषय कायमचा बंद. तुझ्यासाठीही आणि पुढं येणाऱ्या सगळ्यांसाठीही. कबूल?"

मी कबूल म्हणून बसले. बाहेर आल्यावर माझ्या मैत्रिणीनं कपाळावर हात मारला. "मेरे लिए भी तूने ही हाँ बोल दिया? मेरा क्या कसूर?" तिचं खरं होतं. मुलगा चुकला तर तो एकटा चुकायचा. मी चुकले तर सगळ्या मुली चुकणार होत्या, शाळेत अजून न आलेल्यासुद्धा.

सरांनी विषय दिला होता 'आमची भिलाई'. मला भट्टी हवी होती. आत तर जाता येत नव्हतं, पण संध्याकाळी लोखंडावरची मळी, जिला आम्ही सगळे स्लॅग म्हणायचो, ती रेल्वेच्या वाघिणींतून आणून दूर ढिगाऱ्यावर ओतायचे. तो लाल ओघळ सगळ्या भिलाईला दिसायचा. एका गुरुवारी बाबांना पाळीची सुट्टी होती, तेव्हा ते मला सायकलवर मागं बसवून जवळ घेऊन गेले. वाघीण कलंडायच्या आत बाबांनी खिशातून निळी काच काढली. भट्टीवरचे लोक वितळलेल्या लोखंडाकडे तिच्यातून बघतात, नुसत्या डोळ्यानं बघितलं तर डोळे जातात. आमच्या लायनीत लहान लेकरालाही हे ठाऊक.

"हे लाव त्याच्यासमोर," बाबा म्हणाले. "नुसत्या डोयानं पाहाचं नाई. यंत्र झालं म्हून काय झालं, त्यालेबी डोयाच हाये."

मला ते इतकं पटलं की विचारायचंसुद्धा सुचलं नाही. मी निळी काच भिंगासमोर धरली आणि अख्खी एक बाजू, दोन मिनिटं, पोटभर आग टिपली. बाबा शेजारी उभे राहून मला सांगत होते, आता येईन, आता कलंडन. परत येताना आम्ही दोघंही खुशीत होतो. बाबांनी वाटेत मला भजी खाऊ घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर भरताना मीटर हातात घेतलं. उगाच खिडकीकडे धरलं, काटा उडाला. शेजारी बाबांची निळी काच पडली होती, ती मीटरवर ठेवली. काटा खाली आला आणि आडवा पडला. काच उचलली, काटा वर. ठेवली, आडवा. मी तीनदा करून बघितलं. आगीचा लालपिवळा उजेडच ती काच अडवते, म्हणून तर माणसाचे डोळे वाचतात, आणि म्हणूनच माझ्या फिल्मवर काहीही उमटलेलं नसणार. भट्टीवाल्याच्या घराबाहेर कोणाच्याही हातून ही चूक झाली नसती.

बाबा चहा पीत होते. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि मीटरही पाहिलं. त्यांना लगेच समजलं. "मीच सांगतलं तुले," एवढंच म्हणाले आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठले. मला फिल्म गेल्याचं दुःख होतंच, पण बाबांचा तो चेहरा सहन झाला नाही.

मैत्रीण म्हणाली, सर को मत बता, बोल दे रील खो गया. मी सरांकडे गेले आणि सांगून टाकलं. बाबांचं नाव घेतलं नाही. माझी चूक, माझी काच.

सरांनी हात पुढं केला. "मग कॅमेरा परत दे. अट आठवते ना?"

"अट रिलाची होती सर. रील तं अर्धंच झालं."

"अर्धं काळं रीळ म्हणजे बिघडलेलं नाही?"

"ते धुवून येईन तेव्हा पाहू. दुसरी बाजू माही बाकी हाये."

कॅमेरा मी पोटाशी धरला होता आणि सरांना तो माझ्याकडून ओढून घ्यावा लागला असता. ते काही तसले नव्हते. "सोमवारपर्यंत," म्हणाले आणि पेपर तपासायला बसले.

मग मी दोन दिवस नुसती फिरले. चौकातला कारंजा, सेक्टरच्या रांगा, बाजार, सगळं बघितलं आणि काहीच नको वाटलं. मला भट्टीच हवी होती. हट्टाला पेटले होते म्हणा. रविवारी बाबा दुसऱ्या पाळीला जाणार होते, म्हणून सकाळी घरी होते. मी स्वयंपाकघरात तोंड पाडून बसले होते. मायनं अंगणात पितळी परातीत पाणी भरून ठेवलं होतं आणि दहाचं ऊन त्याच्यावर पडून आमच्या काळ्या पडलेल्या छतावर उजेड नाचत होता. कोंबडीनं परातीत चोच घातली की तो सैरावैरा पळायचा, मग पुन्हा थरथरत जागेवर यायचा.

मी ओरडलेच. "बाबा, अठीसा बसा!"

बाबांना मी मागच्या दाराच्या उंबऱ्याच्या आत, सावलीत उकिडवं बसवलं. मागं अंधारं स्वयंपाकघर. परात पुढं उन्हात, जमिनीवर. पाण्यावरचा उजेड खालून त्यांच्या तोंडावर आला. वितळलेलं लोखंडही पायाशीच वाहतं, त्याचा उजेडही माणसावर खालूनच येतो. मी बाबांना म्हटलं, लोखंड बाहेर काढायला भट्टीचं तोंड फोडताना तुम्ही काय करता ते करून दाखवा.

"कावून नाटक कराले लावून राहिली?" बाबा लाजले. कोपऱ्यातली लोखंडी पहार मी त्यांच्या हातात दिली. मायला सांगितलं, तू परात हलव. ती म्हणाली, दाळ करपन. म्हटलं करपू दे. मैत्रीण धोतर धरून एका बाजूला उभी राहिली, मीटर मीच तोंडाजवळ नेऊन वाचलं, अपर्चर लावलं आणि किल्ली दिली.

पहिलं अर्धं मिनिट बाबा खरंच नाटक करत होते. मी थांबवलं, पुन्हा किल्ली दिली. मग मायचा हात चुकून जोरात लागला, पाणी उसळलं, उजेड भसकन तोंडावर आला आणि बाबांचे डोळे आपोआप बारीक झाले. मान किंचित वळली. पहार हातात घट्ट झाली. ते आता आमच्या घरात नव्हते. ते उठून एकेक पाऊल पुढं सरकत होते, ओरडून कोणाला तरी बाजूला व्हायला सांगत होते, पहार मारत होते, मागं उडी घेत होते. मायचा हात परातीवर होता आणि नजर त्यांच्याकडे होती. बाबा रोज आठ तास काय करतात ते मायनं आणि मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. ते संपल्यावर ते घामानं भिजले होते. "एवढंच असते," म्हणाले. डाळ करपलीच होती, ती आम्ही मुकाट्यानं खाल्ली.

रीळ मुंबईला गेलं आणि काही आठवड्यांनी आलं. सरांची एक पद्धत होती. रीळ आलं की लॅबच्या खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, प्रोजेक्टर सुरू करायचा, आणि ज्यानं चित्रण केलं त्यानं शेजारी उभं राहून प्रत्येक तुकड्याला सांगायचं: उजेड कुठला, अपर्चर किती, चूक काय. कागद बघायचा नाही. मुलगे बहुतेक थापा मारायचे.

पडद्यावर काळं आलं. मी बोलू लागले. "हा स्लॅगचा ढिगारा. सांजचे साहा वाजले होते. अपर्चर पूर्ण उघडं. समोर निळी काच. म्हून काया." हशा पिकला. पुढचा तुकडा काळा. "ही वाघीण कलंडली. अपर्चर तेच. काच तीच." आणखी हशा. मी दोन्ही मिनिटं थांबले नाही, एकेक काळा तुकडा नावानं सांगितला. आवाज ठणठणीत ठेवला.

मग बाबा आले. अंधारातून अर्धं तोंड, खालून लवलवणारा उजेड, बारीक झालेले डोळे. "सकाळचे धा. पाण्याची परात. माही माय हलवून राहिली. अपर्चर चार." कोणी हसलं नाही. फिल्मचं टोक प्रोजेक्टरमध्ये फडफडू लागलं तेव्हा सर म्हणाले, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. मग ते म्हणाले, "परत." तिसऱ्यांदा झाल्यावर त्यांनी घोंगडी सरकवली.

"हे उत्तम आहे," शेवटी म्हणाले. "पण अर्धं रीळ वाया गेलं. अट अट असते."

माझं डोकं फिरलं. मी एकेकाकडे बोट दाखवून सुरू केलं. "यानं झाकण न काढता आख्खं रील काढलं. यानं उलटं घातलंच नाई, एकाच बाजूवर दोनदा काढलं, गांधी चौकातल्या म्हशी हेडमास्तरच्या अंगावरून चालून राहिल्या होत्या. यानं उन्हात कॅमेरा उघडला. या सगळ्यायच्या वक्ती चादर धरून मीच उभी होती, सर. मले सगळं पाठ हाये. यायच्यावर कोणती अट होती?"

 म्हशीवाला मुलगा हळूच म्हणाला, "सर, बात तो सही है." सर आपली पुस्तकं गोळा करून निघून गेले. मला वाटलं, संपलं. 

पण स्नेहसंमेलनात सरांनी ती फिल्म दाखवली. काळ्या बाजूसकट दाखवावी, असा माझा हट्ट होता. सरांनी तो मानला नाही आणि काळा भाग कापून टाकला. याबद्दल मी अजूनही नाराज आहे. मागच्या रांगेत बाबांच्या पाळीवरचे लोक बसले होते. चित्र संपताच त्यांच्यात जुंपली. एक म्हणे ही दोन नंबरची भट्टी, दुसरा म्हणे दोन नंबरचा उजेड असा नसते, तीन नंबरचीच. बाबा मिशीत हसत होते. माय उठून उभी राहिली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, "माह्या परातीची हाये!"

पण माझा जीव अजून टांगणीला होता. फिल्म आवडली म्हणून मला एकटीला कॅमेरा दिला असता तर मी तो घेतला नसता. चांगल्या निघालेल्या एका मुलीला आत घ्यायचं आणि दार पुन्हा लावायचं, हे मला चालणार नव्हतं.

पुढच्या बैठकीला सरांनी कोरं रीळ टेबलावर ठेवलं. "कोण घेतंय?" माझ्याकडे बघून म्हणाले. मी हात वर केला नाही. मैत्रिणीला कोपरानं ढोसलं. तिनं घाबरत घाबरत हात वर केला. सरांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि रीळ तिच्या हातात दिलं. अट घातली नाही.

तिनं रिसालीच्या तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायका टिपल्या. मोठ्या हौसेनं गेली होती. रीळ धुवून आलं, घोंगड्या लागल्या, प्रोजेक्टर सुरू झाला आणि पडदा पांढराफटक. पहिली बाजू पांढरी, दुसरी बाजू पांढरी. भर उन्हात अपर्चर सताड उघडं ठेवून तिनं अख्खं रीळ जाळलं होतं. एक बाईसुद्धा दिसली नाही. ती पडद्याशेजारी उभी राहून रडवेल्या आवाजात सांगत होती, ही बाई चादर पिळतेय, हे तिचं लेकरू. मुलगे पोट धरून हसत होते. मी सरांकडे बघत होते.

सरांनी घोंगडी सरकवली. "मीटर वाचलं नाहीस," ते म्हणाले. "पुढच्या वेळी वाच."

झाकण न काढणाऱ्या मुलालाही, त्याचं रीळ काळं आलं त्या दिवशी, ते 'पुढच्या वेळी काढ' एवढंच म्हणाले होते.

माझी मैत्रीण नाक पुसत जागेवर येऊन बसली. मी तिचा हात धरला आणि ढसाढसा रडले. ती घाबरून म्हणाली, "अरे, रील मेरा खराब हुआ है, तू क्यों रो रही है?"